गॅलरीतली खुर्ची

लाइट येईपर्यंत ऐका, पोरांनो. आमच्या ऑफिसातल्या अनंतरावांच्या बाबतीत घडलेलं सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

दोन हजार सहा साल, त्रिपुरी पौर्णिमेची रात्र. अनंतराव नारायण पेठेतून नदीपलीकडे साडूच्या फ्लॅटवर दिवा लावायला निघाले. साडू रंगराव आणि श्यामलाबाई सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेलेले. त्यांचा मुलगा आमोद आधी खराडीला आयटीत होता, मग तिकडे गेला. रिकाम्या घरात रोज दिवा लागावा म्हणून श्यामलाबाईंनी जास्तीची किल्ली थोरल्या बहिणीला, म्हणजे अनंतरावांच्या वासंतीबाईंना दिली होती.

"मफलर घ्या," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांनीच विणलेला. तपकिरी लोकर संपली म्हणून एका टोकाला पोपटी जोडलेली.

तो फ्लॅट खरं तर आधी अनंतरावांनीच पाहिला होता. "नदीकाठी डास फार," म्हणून नाक मुरडून परत आले, आणि आमोदनं नेमका तोच घेतला. सातवा मजला. समोर ओंकारेश्वराचा कळस, डावीकडे शनिवारवाड्याचे बुरूज, लांबवर पर्वती. अनंतरावांच्या खिडकीतून शेजाऱ्यांची मोरी दिसायची. जन्मभर ड्रॉइंग मास्तरकी केलेल्या रंगरावांनी म्हातारपणी पेशवाई बघत चहा प्यावा, हे त्यांना काही केल्या पचत नव्हतं.

दिवा लावून ते गॅलरीत आले आणि रंगरावांच्या वेताच्या खुर्चीत बसले. समोर देवळात पणत्याच पणत्या. नदीचं पाणीसुद्धा उजळलेलं. 

घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, हे वासंतीबाई रोज ऐकवायच्या. अनंतराव रोज हसण्यावारी न्यायचे.

"नकाच येऊ परत, रंगराव," ते मोठ्यानं म्हणाले. "ही खुर्ची माझी. मी काही उठत नाही आता."

आतून, देव्हाऱ्याकडून, कुणीतरी शांतपणे म्हणालं...

"तथास्तु."

दार आतून लावलेलं होतं. घरात कुणी नव्हतं.

अनंतराव उठले. चपला हातात घेतल्या. दार ओढलं. लिफ्टसाठीही थांबले नाहीत.

पुलावर आल्यावर वळून वर पाहिलं. सातवा मजला. गॅलरीतला बल्ब चालूच राहिलेला. खुर्ची...

खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. गळ्याशी मफलर.

अनंतरावांनी स्वतःचा गळा चाचपला. मफलर होता.

पुन्हा ते तिकडे फिरकले नाहीत. रोज संध्याकाळी पुलापर्यंत जायचे आणि परत यायचे. बायकोला सांगायचे, दिवा लावला. अंगात भरलेली थंडी मात्र जाईना. फाल्गुनातसुद्धा मफलर गळ्यातच.

त्याच फाल्गुनात रंगराव परतले. पेढे घेऊन किल्ली न्यायला आले.

"अनंतराव, उपकार झाले हो. वॉचमन सांगत होता, एक संध्याकाळ चुकवली नाहीत. तासन्‌तास गॅलरीत बसायचात म्हणे."

रंगरावांनी पिशवीत हात घातला.

"आणि हा तुमचा मफलर. खुर्चीवर राहिला होता."

वासंतीबाईंनी तो हातात घेतला. तपकिरी. टोकाला पोपटी. त्यांनी नवऱ्याच्या गळ्याकडे पाहिलं. तिथंही तोच.

हातातला उबदार होता... आत्ताच कुणीतरी गळ्यातून काढून दिल्यासारखा.