म्हाताऱ्याचा ग्लास

शहरात कॉकटेल कुठे चांगलं मिळतं, हे मला ओळखीचे-अनोळखी सगळेच विचारतात. मीही हौसेने सांगते. फक्त छापखान्यामागच्या गल्लीतल्या तळघराचा पत्ता मी कोणाला देत नाही. का, ते तुम्हाला सांगते. जरा जवळ सरकून बसा, आणि मध्येच ‘काहीतरीच काय’ म्हणू नका.

माझा पेशाच कॉकटेल बनवण्याचा. पुढच्या आठवड्यात माझा स्वतःचा बार उघडणार होता. खुर्च्या आल्या होत्या, दिवे लागले होते, बर्फाचं यंत्रसुद्धा कुरकुर न करता चालत होतं. नव्हती ती माझी जीभ. तापातून उठले ती चव आणि वास दोन्ही हरवूनच. लिंबू चोखलं तर नुसतं ओलं लागायचं आणि साखर वाळूसारखी. शिंप्याची नजर जावी तसंच हे. रडून रडून डोळे सुजले, पण ही गोष्ट मी वहिनीशिवाय कोणाला सांगितली नव्हती.

वहिनी म्हणजे उत्साहाचा धबधबा. “वन्सं, रडगाणं पुरे,” ती म्हणाली. मला चिडवायचं असलं की ती मुद्दाम असं जुन्या बायकांसारखं बोलते. “आज गावातल्या सगळ्या नावाजलेल्या जागा पालथ्या घालू. तू बघ, मी चाखते. तुझ्या बारसाठी एक तरी झकास पेय शोधूनच परत यायचं!”

दादा बाळाला खांद्यावर टाकून दारात उभा होता. “दोघींनी आपल्या पायांनी परत या म्हणजे झालं,” तो म्हणाला.

दिवेलागणीला आम्ही निघालो. खरं सांगू, इतक्या दिवसांनी मला मजा वाटत होती. वहिनीने ठेवणीतले कानातले घातले होते आणि रस्त्याने ती अक्षरशः उड्या मारत चालली होती. पहिली जागा हॉटेलच्या गच्चीवरची. “सरबत आहे. नटलेलं सरबत,” तिचा निकाल. दुसऱ्या ठिकाणी ग्लासावर काचेचं झाकण घालून आत धूर भरला होता. वहिनी खोकत म्हणाली, “आमच्या स्वयंपाकघरात एवढा धूर झाला तर आम्ही खिडकी उघडतो.” तिथला वेटरही हसला.

मग ते तळघर. बार नुकताच उघडत होता. खाली उतरताना रस्त्याचा आवाज एकदम तुटला, कोणी दार लोटून घ्यावं तसा. आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. पिवळट दिवे, काळं लांबलचक काउंटर, आणि आतल्या खोलीत कोणीतरी बर्फ फोडत असल्याचा सावकाश आवाज. वहिनी नाक वर करून म्हणाली, “संत्र्याच्या सालीचा काय वास सुटलाय!” मला अर्थातच काही आलं नाही.

काउंटरच्या टोकाला, भिंतीकडच्या रिकाम्या स्टुलासमोर, एक ग्लास भरून ठेवला होता. मधाच्या रंगाचा, बाहेरून दव धरलेला.

आमच्या धंद्यात एक सवय असते. ग्लास गिऱ्हाइकाला देण्याआधी त्यात स्ट्रॉ बुडवायची, वरचं तोंड बोटाने दाबायचं, आणि अडकलेले थेंब जिभेवर सोडायचे. चव बरोबर आहे की नाही ते तेवढ्यात कळतं. ताजा भरलेला ग्लास दिसला आणि माझा हात आपोआप गेला. परक्याच्या काउंटरवरचा ग्लास! डोकं ठिकाणावर असतं तर असं कधी केलं नसतं. पण हाताला कुठे डोकं असतं?

थेंब जिभेवर पडले.

आणि... संत्रं. कडवट साल. मागून मध, त्याच्याही मागे जळक्या लाकडाचा बारीकसा वास. मी किंचाळलेच. “वहिनी! लागलं! मला लागलं!” आम्ही दोघी एकमेकींना मिठी मारून त्या रिकाम्या तळघरात गोल गोल नाचलो. मला हसू आवरेना आणि रडूही.

“तो ग्लास... तुम्ही चाखलात?”

बारवाला आतून आला होता. मध्यमवयीन, हातात बर्फाचा टोच्या. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

“चुकलं हो,” मी डोळे पुसत म्हणाले. “दुसरा भरा, पैसे मी देते. पण तुम्हाला कल्पना नाही, तुम्ही मला काय दिलंत!”

“तो म्हाताऱ्याचा आहे. हा बार त्यांनी काढला. इथला प्रत्येक ग्लास ते चाखायचे, दुसऱ्यावर विश्वास नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात...” त्याने रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. “यांची मेल्यावरही गेली नाही. म्हणून रोज पहिला ग्लास त्यांना. मग ते इथेच बसून राहतात, कुठे जात नाहीत.”

“चव परत आली हो माझी!”

“परत नाही आली, ताई,” तो हळूच म्हणाला. “त्यांना लागतंय, ते तुम्हाला कळतंय.”

वहिनीने मला कोपराने ढोसलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगून गिऱ्हाईक खेचायची युक्ती, हे दोघींच्याही मनात आलं. निघताना मात्र बारवाल्याने काउंटर पुसता पुसता विचारलं, “घरी कोण कोण असतं तुमच्या?” वहिनीने हसत सांगूनही टाकलं. त्याने फडकं खाली ठेवलं. स्टुलासमोरचा ग्लास अजून काठोकाठ होता. “उष्टा ग्लास टाकून उठले ते,” तो पुटपुटला.

चौथ्या जागी आम्ही राणीसारख्या बसलो. खिडकीशी टेबल, गाणी, माणसांची वर्दळ. वहिनीने आपलं पेय पुढे ओढलं, आणि तिने उचलायच्या आत मी म्हणाले, “आलं, पेरू, चिमूटभर मिरी.”

तिने घोट घेतला. डोळे विस्फारले. “अगं, बरोबर! न चाखता?”

“न चाखता!”

“लॉटरी लागली तुला!” ती टाळ्या पिटत म्हणाली. शेजारच्या टेबलावर नवा ग्लास आला, मी तोही सांगितला. लिंबू, पुदिना. मला आनंदाने वेड लागायचं बाकी होतं. माझा बार! आता कोण अडवतंय मला? त्या ग्लासांतलं पेय बोटभर खाली गेलेलं दिसलं, पण अशा वेळी कोण बघत बसतं.

मग चवी थांबल्या. बराच वेळ तोंडात काहीच नव्हतं. मी पाणी प्यायले, माझंच पेय प्यायले. ओलं, नुसतं ओलं. आणि एकदम जीभ भरून गेली.

“दूध,” मी म्हणाले. “कोमट. जरासं गोड.”

वहिनी हसली. “इथे दुधाचं कॉकटेल कोण...” ती थांबली. आजूबाजूच्या एकाही टेबलावर दूध नव्हतं.

तिने फोन काढला. दादाने उचलला तेव्हा तिने स्पीकर लावला.

“बाळाला दूध पाजलंस?”

“नाही अजून. बाटली निवायला ठेवलीय स्वयंपाकघरात. अरे, ही अर्धी कशी झाली?” दादा स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. “गळतेय की काय...”

“बाळ कुठंय?”

“आत, पाळण्यात. ऐक ना, किती खिदळतंय. मघापासून एकटंच चाललंय.”

फोनमधून हसण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“आत जा,” वहिनी कुजबुजली. “आत्ता जा... पळ!”

माझ्या तोंडातलं दूध ओसरलं. त्याच्या जागी काहीतरी खारट आलं. अगदी सौम्य खारट, कोमट, त्यात तेलाचा जरासा ओशटपणा. वहिनी माझा दंड धरून विचारत होती, “आता काय लागतंय? बोल ना गं, काय लागतंय?”

ताप येण्याआधी मी रोज बाळाच्या टाळूचा पापा घ्यायचे. तीच चव होती.