खरवडलेले वकील

हसा लेको, हसा. पण फ्रेमवाला माझा जिवलग मित्र होता आणि थापा मारणं त्याच्या रक्तात नव्हतं. संतापी मात्र भारी.

सोळा नोव्हेंबर, रविवार. रात्री अकरा वाजता तो एका वकिलाच्या ऑफिसात चित्रं टांगायला गेला. दोनशे वर्षांपूर्वीच्या वकिलांची पाच छापील चित्रं. त्या छपाईची तऱ्हाच न्यारी. तांब्याचा पत्रा आधी सगळा खरबरीत करायचा, म्हणजे छाप नुसता काळा उठतो. मग जिथे उजेड हवा, तिथे पत्रा खरवडायचा. चेहरे असे काळोखातून बाहेर काढलेले. साहेबांना सकाळच्या आत भिंत सजवून हवी होती.

हा साहेब म्हणजे मित्राच्या विधवा ताईचाच वकील. तिच्या घराचं खरेदीखत याच्याकडे, सकाळी कोर्टात तारीख, आणि आठवडाभर याचं एकच पालुपद: सापडत नाही. समोरच्या पार्टीला फितूर झाला होता हरामखोर! आजही आठवलं की माझं टाळकं सटकतं.

पाचवं चित्र टांगून मित्रानं विचारलं, "साहेब, ताईचा कागद?"

"कसला कागद? तिनं दिलाच नव्हता मला."

"मी स्वतः तुमच्या हातात दिलाय!"

"पावती आहे?"

मित्र शिडीवरून उतरला. साहेबावर हात टाकला असता तर ताईचं घर तिथंच बुडालं असतं. म्हणून तो भिंतीकडे वळून ओरडला, "तुम्हीही एकाच माळेचे मणी! खरवडून खरवडून तोंडं उजळ केलीत तुमची, आत सगळा काळोखच!"

दिवे गेले.

मग... खर्र.

"उंदीर असेल," साहेब म्हणाला.

खर्र... खर्र... पाच ठिकाणांहून.

"तू करतोयस का हे?"

मित्राचे हात खिशात.

आवाज खाली उतरला. टेबलाकडे. टेबलाच्या आत.

"बास..." साहेब टेबलापासून मागे सरकला. "बास करा..."

...

दिवे आले. टेबलाखाली खरेदीखत पडलं होतं. मित्रानं ते उचललं, शिडी तिथंच टाकली आणि निघाला. ताई अजून त्याच घरात राहते.

दोन दिवसांनी ते टेबल दुरुस्तीला माझ्याकडे आलं. सुतार ना मी. ड्रॉवरला कुलूप तसंच होतं, किल्ली साहेबाकडे. तळाला हाताएवढं भोक. मित्रानंच पटाशी चालवली असणार, असं मनात म्हणत मी कडेवरून बोट फिरवलं.

लाकूड आतून खरवडलेलं होतं.