रोज एक जास्त

मावशींचं कोणीच खरं मानलं नाही. आधी हसले, मग कंटाळले, आणि शेवटी चूक त्यांच्याच माथी मारून मोकळे झाले. चौथी शिकलेली बाई, तिला यंत्रातलं काय कळतंय! पण त्या अख्ख्या इमारतीत धड मोजता येणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे मावशी.

वाचनालयाच्या मोठ्या दारात त्या चोवीस वर्षं स्टुलावर बसल्या. दोन्ही मुठींत एकेक खटक्याचं मोजणीयंत्र. उजवा अंगठा आत येणाऱ्यांसाठी, डावा बाहेर जाणाऱ्यांसाठी. शिंक आली तरी अंगठा चुकला नाही. मग जुनी वर्तमानपत्रं वेबसाइटवर गेली, लोक घरबसल्या वाचू लागले आणि दार ओस पडलं. मावशींचं स्टूल आतल्या खोलीत आलं, एका पडद्यासमोर. या घटकेला साइटवर किती वाचक आहेत ते पडदा सांगायचा, आणि मावशींनी दर अर्ध्या तासाने तो आकडा वहीत उतरवायचा. दुसरी मोजणी सर्व्हर करायचा, म्हणजे तळघरातलं ते थंडगार, घुमणारं यंत्र, जिथून प्रत्येक पान वाचकाकडे जायचं. त्याचा अहवाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा.

पडद्यावर चाळीस असले की अहवालात एकोणचाळीस निघायचे. पडद्यावर बारा, अहवालात अकरा. तीन वर्षं, रोज, प्रत्येक अर्ध्या तासाला.

"मावशी, ही साधनं कधी जुळत नसतात हो," संगणक सांभाळणारा चष्मिस म्हणाला. "एक घाईने सांगतं, एक सावकाश. थोडं इकडंतिकडं व्हायचंच."

"थोडं म्हणजे कधी तीन होईल, कधी सात. कधी उलटंही होईल. रोज एकच कसं रे? आणि तुझ्या सर्व्हरने पानच दिलं नाही, तर हा वाचतोय काय? कपाळ?"

चष्मिसने चष्मा पुसला.

मुख्य ग्रंथपालांना ही दोघं आपसात 'तंतोतंत' म्हणायची. दोघांपलीकडे ते नाव कधी गेलं नाही. लिहायची तर कोणाची छाती! या गृहस्थाला सगळं जुळलेलं लागायचं, मग खरं असो नसो. त्यांनी मावशींना बोलावून कागद पुढे सरकवला.

"बाई, आकडे उतरवताना तुमची चूक झाली, एवढं लिहून द्या. शुक्रवारपर्यंत. नाहीतर घरी बसा."

"घरी बसेन," मावशी म्हणाल्या. "सही मिळणार नाही."

शुक्रवारी सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. भर दुपारी बाराला साइट सगळ्यांसाठी बंद करायची. वाचक शून्य, तर पडदाही शून्य दाखवेल. पडद्यासमोर मावशी, चष्मिस आणि ग्रंथपाल असे तिघे उभे राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी खोलीत ओल्या कागदाचा वास आला. असा वास बंद कपाटाला येतो, उघड्या खिडकीच्या खोलीला नाही.

अडतीस. एकवीस. सहा. दोन.

एक.

"पाच मिनिटं थांबा," चष्मिस म्हणाला. "गेलेल्या माणसाला हे पाच मिनिटं धरून ठेवतं."

पाच झाली. पंधरा झाली. पंखा कुरकुरत राहिला आणि एक तसाच राहिला.

"कुठलं पान वाचतोय बघ," मावशी हळूच म्हणाल्या.

"पान... नाहीच दाखवत."

"आणि आहे कुठे?"

चष्मिस पडद्याजवळ वाकला. "याच इमारतीत, म्हणतंय."

"कधीपासून?"

त्याने वाचलं आणि उगाच हसला. "बिघडलंय हो हे. साइटला तीन वर्षं झालीत, आणि हे सांगतंय... एकवीस वर्षं, चार महिने, नऊ दिवस."

मावशींना बोटं मोजावी लागली नाहीत. दिवस त्यांना पाठ होता. चोवीस वर्षांत तेवढा एकच दिवस जुळला नव्हता. आत चारशे बारा, बाहेर चारशे अकरा. संध्याकाळी त्यांनी वही नेऊन दाखवली, तर याच ग्रंथपालांनी स्वतःच्या पेनाने अकराचे बारा केले होते आणि दाराला कुलूप घातलं होतं.

मावशी वळल्या. "साहेब, त्या दिवशी एक माणूस बाहेर आला नव्हता. मी सांगितलं होतं तुम्हाला."

ग्रंथपालांच्या कपाळावर घाम होता. "काहीतरीच काय... मी तळघरात कोणालाही पाठवलं नव्हतं!"

"तळघराचं नाव मी काढलं का?" मावशी म्हणाल्या.

मग त्यांना आठवलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी, ओल येते म्हणून, तळघराचा मागचा अर्धा भाग विटांनी बुजवला होता. हुकूम ग्रंथपालांचा. आता त्याच भिंतीला टेकून सर्व्हर उभा होता.

ग्रंथपाल निघून गेले. कागदावर सही झाली नाही. मावशी ताठ मानेने स्टुलावर बसल्या आणि वहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं: दुपारी साडेबारा, एक.

शनिवारी सकाळी अहवाल आला. तीन वर्षांत पहिल्यांदा आकडे जुळले. साडेबाराला सर्व्हरही म्हणत होता, एक.

"झालं ना खरं माझं?" मावशी म्हणाल्या. चष्मिस मान वर करेना. त्याचं बोट अहवालाच्या शेवटच्या रकान्यावर थिजलं होतं. वाचक कोणामार्फत आत आला ते त्या रकान्यात येतं. बहुतेक दुसऱ्या एखाद्या साइटचं नाव असतं.

"मावशी, शपथ घेतो... हे मी टाकलेलं नाही. हा शब्द मी कधी कुठेच टाइप केलेला नाही."

मावशींनी चष्मा लावला आणि अक्षर अक्षर लावत वाचलं.

कोणी पाठवलं: तंतोतंत.