खोडलेलं घर

एक वही पोचवायची होती, बस. एवढंच काम होतं. आणि तू आधी तो मोबाइल खाली ठेव, नाहीतर मी उठलो बघ.

हं. तर ही गोष्ट माझ्या मित्राची. मी तुरुंगात पहाऱ्यावर होतो तेव्हा तो तिथे कारकून होता. कैद्यांचा बाहेर जाणारा प्रत्येक कागद आधी याने वाचायचा, नको ती ओळ दिसली की काळ्या शाईने गिरवून बुजवायची आणि खाली सही ठोकायची. आम्ही त्याला काजळ्या म्हणायचो. माणूस वाईट नव्हता रे, पण संशय अंगात मुरलेला. पत्रात 'आजी बरी आहे' वाचलं तरी विचारायचा, ही आजी कोण?

दर गुरुवारी तिथे लेखनाचा वर्ग भरायचा. बाहेरून एक बाई शिकवायला यायच्या. वर्गात एक गवंडी होता, जन्मठेपेचा. आयुष्यभर थापी धरलेला हात, पेन धरताना घाम फुटायचा बिचाऱ्याला. पण नऊ महिने खपून त्याने एक गोष्ट लिहिली, आपल्या लेकीसाठी. गोष्टीतल्या बापाने स्वतः घर बांधलंय. एका रात्री दिवे जातात, लहान मुलगी आत एकटी, आणि बाप बाहेरून तिला वाट सांगतोय. सात पावलं सरळ ये. डावीकडे भिंत लागेल. तिला हात लावून अकरा पावलं चाल... असं करत करत थेट दारापर्यंत.

काजळ्याने वाचलं आणि त्याला भलताच वास आला. पावलं, भिंत, वळण, दार... अरे, हा तर पळून जायचा नकाशा! एकूण एक माप खोडून टाकलं त्याने, पानंच्या पानं काळी केली.

गवंडी त्याच्या टेबलासमोर हात जोडून उभा राहिला. मी तिथेच होतो.

"साहेब, मापं खोडलीत तर घर उभं कसं राहायचं?"

"नकाशा बाहेर जाणार नाही," काजळ्या म्हणाला.

"नकाशा नाही हो. पोरीचं घर आहे."

गवंड्याच्या छातीत सिमेंटची धूळ बसलेली. त्याने पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं, आणि दुसरं पानही पुरं व्हायच्या आत गेला. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं. पण माझं कोण ऐकणार होतं?

वर्गाच्या बाईंनी मग काजळ्याला फैलावर घेतलं. "अहो, आपल्या तुरुंगात सलग सात पावलं चालायला जागा तरी आहे का?" तेव्हा कुठे याच्या डोक्यात प्रकाश पडला. मेलेल्याचं सामान घरी पोचवावं लागतं. वही मीच नेतो, म्हणाला.

मंगळवार, एकोणीस नोव्हेंबर. रात्रीचे आठ वाजायला पाच मिनिटं. मुलगी एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची, एकटी, एकाच खोलीत. दार नुसतं लोटलेलं. "कोणी आहे का?" करत हा आत शिरला.

आणि दिवे गेले.

मागे वळला. दार नव्हतं.

"नव्हतं म्हणजे, काका?"

म्हणजे नव्हतं! भिंत होती. हात फिरवला. भिंत. गार... ओली. खोली ती केवढी, आणि हा चालतोय, चालतोय, संपेचना. मग त्याला आठवलं. सात पावलं सरळ. मोजून चालला. डावीकडे भिंत लागली... बरोब्बर. अकरा पावलं. कोपरा आला... बरोब्बर.

पुढची ओळ?

आठवेना. मोबाइलचा उजेड वहीवर धरला. पान काळं. दुसरं पान... काळं. मग मोबाइलही विझला.

आणि कोणीतरी भिंत घोटायला लागलं. थापीने. सावकाश.

घस्स... घस्स...

थांबलं.

"पुढे किती पावलं, साहेब?"

रागाने नाही हं. काकुळतीला येऊन. त्यालाही ठाऊक नव्हतं...

"आठवत नाही रे..."

"आठवा ना, साहेब. पोर आत चाचपडतेय."

काजळ्या खाली बसला. ढसाढसा रडला. पण ओळ काही आठवली नाही.

घस्स... घस्स...

रात्रभर.

सकाळी सहाला मुलगी आली. धुलाईच्या कारखान्यात रात्रपाळीला होती ती. आदल्या संध्याकाळी स्वतः लावलेलं कुलूप तिने स्वतःच्या किल्लीने उघडलं, तर आत हा. किंचाळलीच. याने कसंबसं कोण ते सांगितलं आणि वही पुढे केली. तिने सगळी पानं उलटली.

"काय लिहिलं होतं बाबांनी?"

अख्खी गोष्ट वाचलेला जगात हा एकटाच माणूस; बाईंनाही गवंड्याने सुरुवातच तेवढी ऐकवली होती. पण त्याला सात आणि अकरा एवढंच सांगता आलं.

त्याला जागचं उठता येईना, म्हणून मला बोलावलं होतं, आणि पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या भिंतीत एक कोनाडा होता. छोटासा, कडा सुबक घोटलेल्या. मी बोट लावलं, गिलावा ओला होता. मुलगी म्हणाली, काल इथे सपाट भिंत होती. मी म्हटलं, एवढ्या खाली कोण कोनाडा करतं? माझ्या गुडघ्याच्या जरासा वर.

ती भिंतीशी उकिडवी बसली. आत हात घातला. कितीतरी वेळ काढलाच नाही.

"बाबांना नेलं तेव्हा मी चार वर्षांची होते," ती म्हणाली. "भिंतीला हात लावून चालले की माझा हात इथे टेकायचा."