एक दणका थांब, दोन दणके ये

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढे जा. मला कुणाच्या वाहवेची भूक नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. गेल्या उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी, एका गोदामाच्या मागच्या अंगणात.

मी ट्रक ड्रायव्हर. केस पिकले ते स्टिअरिंगवरच. नवीन ड्रायव्हर विचारतात, "काका, या धंद्यात टिकायचं कसं?" मी सांगतो. डोळा लागायला लागला की गाडी बाजूला घे, मालक बोंबलला तरी बोंबलू दे. निघण्याआधी प्रत्येक टायरला हात लाव, नुसती लाथ मारून घंटा कळत नाही. खाली उतरलास की किल्ली खिशात. आणि गाडी मागे घेताना खालचा माणूस आरशात दिसत नसेल, तर चाक तसूभरही हलवू नकोस.

हे शेवटचं ऐकून हसतात. "काका, आता कॅमेरे आलेत!"

हसा लेको, हसा.

आमच्यात गाडी मागे घेताना खाली उभा असलेला माणूस बॉडीवर हाताने दणका देतो. दोन दणके म्हणजे ये, येऊ दे. एक दणका म्हणजे थांब. इंजिनच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही, दणका येतो. त्या हातावर जीव टांगलेला असतो.

माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, याच धंद्यातले. मला गाडी त्यांनीच शिकवली. माणूस भारी सावध. ताई चिडवायची, "हे जेवायला बसतानासुद्धा आधी मागे बघतात!" चहा सोडला तर कसलं व्यसन नाही.

असा माणूस गाडीखाली गेला.

त्याच गोदामात. मागच्या बाजूला माल उतरवायचा सिमेंटचा फलाट आहे. दाजींचा जोडीदार स्टिअरिंगवर होता आणि दाजी खाली. फलाटापाशी एक फळी आडवी पडली होती. ती उचलायला ते गाडीच्या मागे वाकले...

आणि बॉडीवर दोन दणके पडले.

जोडीदाराने गाडी मागे घेतली.

पुढचं मला लिहवत नाही.

तिथला सुपरवायझर, त्याला सगळे घाईसाहेब म्हणायचे. कानाला फोन, तोंडात शिवी आणि कायम एकच पालुपद, "चला, चला, पुढची गाडी लागायचीय!" जोडीदार रडून सांगत होता की आरशात दिसलं, दणके घाईसाहेबानेच दिले. आणि हा काय म्हणाला? "मी तिथे नव्हतोच. त्यानेच दणके दिले, तोच मागे जाऊन लोळला. प्यायलेला होता."

चोराच्या उलट्या बोंबा!

पण मेलेला माणूस उलटून बोलत नाही. सगळं खापर दाजींच्या माथी फुटलं. जोडीदार धंदा सोडून गावी निघून गेला. ताईच्या शेजारच्या बायका जिन्यात कुजबुजायच्या, "दारूपायी गेला." ताई हे ऐकून घरात यायची आणि भांडी इतकी जोरात घासायची की मला बघवायचं नाही. मला एवढंच म्हणाली, "त्याच्या तोंडून खरं वदवून घे. बाकी मला काही नको."

मी काय वदवून घेणार, कपाळ?

वर्ष उलटलं. आणि माझ्या गाडीला त्याच गोदामाचा माल लागला.

मी फलाटापासून जरा अलीकडेच गाडी उभी केली. इंजिन बंद. हँडब्रेक ओढला. किल्ली खिशात. एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथली जमीन फलाटाकडे चढी आहे. गाडी सुटलीच तर पुढे घरंगळेल. मागे जाणं शक्यच नाही.

घाईसाहेब तरातरा आला. त्याने मला ओळखलं नाही.

"काय रे, अर्ध्यात काय थांबलास? मुहूर्त काढायचाय का?"

"आधी मागे बघतो, मग लावतो."

"बघतोस काय? मी बघतो!" असं म्हणत तो स्वतःच गाडीच्या मागे गेला. मागच्या झडपेची, फाळक्याची, कडी अडकली होती, ती ओढत मला शिव्या घालू लागला. गाडी आणि फलाट यांच्या मधोमध.

अगदी दाजी उभे होते तिथे.

आणि मग... पत्र्यावरची कबुतरं गप्प झाली.

हमालांची बडबड थांबली. रस्त्यावरचे हॉर्न थांबले. त्या कडक उन्हात माझ्या मानेवरून गार काहीतरी सरकलं.

धप्... धप्...

डाव्या बाजूने.

"कोण रे तो?" मी ओरडलो. रागच आला मला. असली चेष्टा?

डाव्या बाजूला गेलो. कुणीही नव्हतं. हमाल सगळे फलाटावर, प्रत्येकाच्या पाठीवर पोतं. पण बॉडीवरच्या धुळीत दोन पंजे उमटले होते. ताजे.

आणि गाडी हलली.

इंजिन बंद. हँडब्रेक ओढलेला. भरलेली गाडी... चढावर... मागे.

आवाज न करता.

मी केबिनकडे धावलो. किल्ली फिरेना, दार उघडेना. मागून घाईसाहेबाची किंकाळी आली. "अरे थांबव! माझे पाय... पाय उचलत नाहीत!"

धप्... धप्...

ये. येऊ दे.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा म्हणाला होता ना, दणके त्यानेच दिले? मग घे. आता तोच देतोय.

मी मागे धावलो. फाळका त्याच्या छातीला टेकला होता. पाठ फलाटाला. चेहरा पांढराफटक.

"खरं बोल!" मी ओरडलो. "त्या दिवशी दणके कुणी दिले?"

"मी! मी दिले! तो मागे वाकलाय हे बघितलंच नाही मी! प्यायलेला नव्हता तो... खोटं बोललो मी... सोडा हो!"

सगळ्या हमालांनी ऐकलं.

मला वाटलं, आता थांबेल.

धप्... धप्...

नाही थांबली. काडकन आवाज आला. त्याच्या बरगडीचा.

खोटं का बोलू? क्षणभर मलाही वाटलं, होऊ दे. माझ्या बहिणीचं वर्ष डोळ्यांपुढून गेलं. पण डोळ्यांदेखत माणूस चिरडताना बघवत नाही हो. मी अंगातली सगळी ताकद लावून बॉडीवर एक दणका दिला.

"दाजी, बास!"

गाडी थांबली.

वर कबुतरं घुमू लागली.

घाईसाहेब वाचला. हमालांनी पोलिसांना सगळं सांगितलं. त्यानेही दवाखान्यातल्या खाटेवर कबुली दिली. जिन्यातली कुजबूज एका दिवसात बंद झाली. मी ताईकडे गेलो तो पेढे वाटायच्याच थाटात. घडलं तसं सगळं सांगितलं.

तिने एकच विचारलं. "गाडी कुणी थांबवली?"

"मी."

ती उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा जोरात घासायला लागली.

संपलं असं वाटलं होतं मला. कुठलं काय! घाईसाहेबाचा फोन आला. आवाज ओळखू येईना. म्हणाला, घरी येऊन बघा, मी वेडा झालोय का ते सांगा.

गेलो. तो पलंगावर, छातीला पट्टे. बायको कोपऱ्यात उभी. समोरच्या भिंतीला एक लोखंडी कपाट. बायको म्हणाली, "आधी भिंतीतून दोन दणके ऐकू येतात. आणि सकाळी बघावं तर कपाट पलंगाच्या जवळ आलेलं असतं. रोज थोडंथोडं."

दणके माझ्यासमोरच आले.

धप्... धप्...

मी उठलो. भिंतीवर हात ठेवला आणि एक दणका दिला. शांत झालं. मी हुश्श करणार, तेवढ्यात...

धप्... धप्...

माझ्या तळहाताच्या बरोबर खाली. भिंतीच्या आतून.

मी चपला हातात घेऊन पळालो. लाज कसली त्यात?

त्यांनी कपाट विकून टाकलं. मग टेबल सरकायला लागलं.

शेवटी तो ताईच्या दारात आला. बायकोचा आधार घेऊन, धापा टाकत. मी तिथेच होतो. हात जोडून म्हणाला, "वहिनी, मी खरं बोललो ना आता? तुमचं ऐकतील ते. एक दणका द्या. फक्त एक."

ताईने त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "तुम्ही दिला असतात ना त्या दिवशी. फक्त एक."

आणि दार लावलं.

ती आत गेली आणि स्वयंपाक करता करता गुणगुणायला लागली. दाजी गेल्यापासून तिला गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. माझ्या अंगावर काटा आला.

काल पुन्हा फोन आला होता. टेबलही बाहेर काढलंय. आता खोलीत पलंगाशिवाय काहीच नाही.

आता समोरची भिंत जवळ आल्यासारखी वाटते म्हणे.

मी ताईला सांगितलं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दाजींचा एक शर्ट तिने मांडीवर घेतला, हाताने सारखा केला.

"दणके अजून दोनच येतात ना रे?"

"हो."

"मग असू दे," ती म्हणाली, आणि पुढची घडी घालायला घेतली.