बंटिंग आणि कन्या

“सगळ्यात महागडं दाखवा.”

दारावरची घंटा अजून किणकिणत होती, तोवर त्या उंच तरुणाने फर्मान सोडलंसुद्धा. बाहेर नॉरफोकचा सप्टेंबर भुरभुरत होता आणि त्याच्या ओल्या केसांतलं पाणी हेस्टरच्या नुकत्याच पुसलेल्या काउंटरवर टपकत होतं.

“सगळ्यात महागडं मी तुम्हाला विकणार नाही,” हेस्टर म्हणाली.

“का? मी काय इतका फाटका दिसतो?”

“कुणासाठी हवंय?”

“भेट द्यायचंय. अगदी नवशिक्या माणसाला.”

“मग तर नाहीच नाही. त्या मेटल डिटेक्टरला मातीतली टाचणीसुद्धा ऐकू येते. नवशिका दिवसभर खिळे उपसतो आणि संध्याकाळी यंत्र माळ्यावर टाकतो. माझ्या दुकानातलं यंत्र माळ्यावर गेलेलं मला खपत नाही.”

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल खळीने खोल जायचा. हेस्टरने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शेतांत पुरलेल्या जुन्या वस्तू हुडकायची यंत्रं विकणाऱ्या त्या दुकानाच्या पाटीवर ‘बंटिंग आणि कन्या’ असं लिहिलेलं होतं आणि त्या कन्येला त्या पाटीचा भारी तोरा होता. बाबा आता आतल्या खोलीत बसून दुरुस्त्या करायचे, गिऱ्हाईक हेस्टरचं. आजवर तिने एकालाही चुकीचं यंत्र विकलेलं नव्हतं, आणि हे ती विचारल्याशिवायही सांगायची.

“उंची किती त्या माणसाची?”

त्याने आपल्या खांद्याखाली हात धरला. “इथवर.”

“हात कुठला चालतो?”

“डावा. आणि लागतो जोरात.”

“मनगटात बळ?”

“वासराला एकटी आवरते.”

*आवरते*... हेस्टरने पेन्सिल उगाचच खाली ठेवली. “स्वभाव?”

“त्यावरूनही यंत्र ठरतं?”

“ठरतं.”

“हट्टी. भयंकर हट्टी. पण–” त्याचा आवाज मऊ झाला, “तिच्यासारखी दुसरी आख्ख्या जिल्ह्यात सापडायची नाही.”

का कोण जाणे, हेस्टरला त्या न पाहिलेल्या बाईचा राग आला. तरी यंत्र तिने मन लावून निवडलं. वजनाला हलकं, दांडा आखूड करता येणारा, तबकडीत पाणी न शिरणारं, बटणं मोजकीच. चार्जिंगवर चालणारं, म्हणजे सेल बदलायची कटकट नको. सोबत एक मजबूत खुरपं. पुडक्याची गाठ मात्र जरा जास्तच करकचून बांधली.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर.

“सेल हवे होते,” तो म्हणाला. “त्या यंत्रासाठी.”

हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं. मग काही न बोलता सेलचं पाकीट पुढे सरकवलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. सेल घ्यायला एखाद्याला कितीसा वेळ लागतो? याला दुपार लागायची. तो गाईंच्या खोड्या सांगायचा, ती शेतात सापडलेल्या बटणांच्या गोष्टी सांगायची, आणि आतून बाबांचा खोकला ऐकू आला की दोघं एकदम सेलबद्दल बोलायला लागायची.

शेवटी एका शनिवारी तिला राहवलं नाही. “तुमच्या त्या हट्टी बाईसाहेबांना आवडलं का यंत्र?”

“अजून दिलं कुठे? उद्या रविवारी वाढदिवस आहे तिचा. साठावा.”

“साठावा?”

“आई आहे माझी.” गालाची खळी खोल गेली. “तुम्हाला काय वाटलं?”

हेस्टरला इतका आनंद झाला, की तो लपवायला ती सेलचा खोका लावू लागली. पण पुढचं वाक्य आलं आणि तिचे हात थांबले.

“चर्चमागचं शेत आमचं. मी रूफस लार्टर.”

आतल्या खोलीतली खुडबुड बंद पडली.

लार्टरबाईंचं शेत! या भागात डिटेक्टर घेऊन कुणाच्या मातीत पाऊल टाकायचं तर आधी मालकासमोर उभं राहून परवानगी मागावी लागते. सापडेल त्यात निम्मा वाटा त्याचा, आणि खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय उठायचं नाही. हेस्टर लहान असताना तिचे बाबा टोपी हातात धरून लार्टरबाईंच्या फाटकाशी गेले होते. त्याआधी कधीतरी चोरांनी रात्रीत ते शेत खणलं होतं, आणि उघड्या टाकलेल्या खड्ड्यात गाईचा पाय मोडला होता. बाईंनी बाबांचं ऐकूनही घेतलं नाही. ‘सगळे चोर,’ म्हणाल्या आणि फाटक लावलं.

“आता तीच कुंपणाआड दुर्बीण घेऊन बसते,” रूफस म्हणाला. “शेजारच्या शेतात लोक काय शोधतात ते बघत. स्वतः विचारणं म्हणजे कमीपणा ना! मला सगळं ठाऊक होतं, हेस्टर. म्हणूनच मी याच दुकानात आलो. उद्या या. तिला शिकवा.”

“ज्या फाटकावरून माझे बाबा चोर ठरून परतले, ते मी बोलावल्याशिवाय ओलांडणार नाही.”

“मी बोलावतोय ना?”

“तुम्ही नाही. त्यांनी बोलवायला हवं.”

“दोघी अगदी सारख्या आहात,” तो म्हणाला आणि गेला. सेल काउंटरवरच राहिले.

रविवारी हेस्टर गेली... पण फाटकापर्यंतच. आपण विकलेलं यंत्र कसं चालतंय ते पाहायला, दुसरं काही नाही, असं ती स्वतःला बजावत होती. कापणी झालेल्या शेतात धसकटं उभी होती. मेजावर केक होता, चहाची किटली होती, आणि शेजारपाजारचे सगळे कपबशा सांभाळत लार्टरबाईंकडे बघत होते. बाईंनी यंत्र डाव्या हातात धरलं, ताठ मानेने पहिलं पाऊल टाकलं–

यंत्र किंचाळलं. त्यांनी खणलं. काही नाही. पुढचं पाऊल, पुन्हा किंकाळी. पुन्हा नुसती माती. कुणीतरी हसलं. बाईंचा चेहरा लालबुंद झाला.

“बंटिंगचा माल!” त्या कडाडल्या. “बाप तसा आणि लेक तशी! रूफस, उद्याच्या उद्या हे परत करून ये, आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलास तर बघ!”

हेस्टर फाटक कधी ओलांडून गेली, ते तिचं तिलाच कळलं नाही. धसकटं तुडवत ती थेट बाईंसमोर उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं आणि नजर खाली गेली. बाईंच्या पायांत गोठ्यात घालायचे पोलादी टोकाचे बूट होते. त्या चर्च सोडून सगळीकडे तेच घालून जायच्या. यंत्र बिचारं इमानाने बाईंचे बूट शोधत होतं.

एका वाक्याचा अवकाश होता. साऱ्या गावासमोर लार्टरबाईंचं हसं झालं असतं आणि बाबांच्या अपमानाची व्याजासकट परतफेड झाली असती. हेस्टरने रूफसकडे पाहिलं. तो काही मागत नव्हता, फक्त बघत होता.

“चूक माझी आहे,” हेस्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “मी उंची विचारली, हात विचारला, स्वभावसुद्धा विचारला. पायांत काय असतं, तेवढंच विचारलं नाही. लोखंडाजवळ हे यंत्र ओरडणारच.” आणि तिने वाकून आपले रबरी गमबूट काढले. “हे घाला.”

“आणि तू?”

“मोजे आहेत.”

धसकटं मोज्यांतून सुयांसारखी टोचत होती. हेस्टर तशीच मागोमाग चालली. बाई तिच्या बुटांत पाय घालून चालू लागल्या. यंत्र गप्प. बराच वेळ गप्प... आणि मग एक गोड, स्वच्छ सूर आला.

खुरप्याखाली मातीचा एक गोळा लागला. बाईंनी तो चोळला, कानाशी धरून हलवला. आतून किण्ण आवाज आला. घोड्याच्या गळ्यातलं जुनं पितळी घुंगरू होतं ते, आणि इतकी वर्षं मातीत राहूनही वाजत होतं.

“माझ्या शेतातलं!” बाई ओरडल्या. “ऐकलंत का रे सगळ्यांनी?”

सगळे घुंगराभोवती जमले. हेस्टर मात्र गुडघ्यांवर बसली. तिने माती परत लोटली, तळहाताने दाबली, वरची धसकटं होती तशी उभी केली. मान वर केली तर लार्टरबाई शेजारी उभ्या होत्या. त्या खड्डा शोधत होत्या आणि तो त्यांना दिसत नव्हता.

“हे कुणी शिकवलं?”

“बाबांनी.”

बाईंनी बुटाच्या टोकाने ती जागा चाचपून पाहिली.

“मी परवानगी मागायला आलेली नाही,” हेस्टर म्हणाली.

“म्हणूनच देतेय. पुढच्या रविवारी बापाला घेऊन ये. फाटकाशी मी स्वतः उभी राहीन.” मग त्यांनी बुटांकडे पाहिलं. “हे मात्र आज मिळणार नाहीत. मला अजून शोधायचंय.”

“चल,” रूफस तिच्यापुढे पाठ करून वाकला. “बैस पाठीवर.”

“मी चालत जाईन.”

“जाशील गं. तुझा ताठा मला पुरता ठाऊक आहे. तरी बैस.”

ती बसली. त्याच्या केसांना गवताचा वास येत होता. मागे लार्टरबाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना घुंगरू पुन्हा पुन्हा वाजवून दाखवत होत्या.

“हेस्टर... एक कबूल करायचंय,” तो म्हणाला. “ते सेल–”

“ते यंत्र सेलवर चालतच नाही. चार्जिंगवर चालतं.”

तो जागीच थांबला. “तुला माहीत होतं?”

“रूफस लार्टर, मी आजवर कुणाला चुकीची वस्तू विकलेली नाही.” तिने गाल त्याच्या मानेला टेकवला. “तुला सोडून. आणि ती मी जाणूनबुजून, दर शनिवारी विकली.”