झोतातला माणूस

व्हर्ना टोलेफसन प्रोजेक्टर घेऊन माजी सैनिकांच्या लीजन हॉलवर निघाली तेव्हा चांगलं लख्ख ऊन होतं, पण ते नुसतं बघायला. गाडीच्या काचेवरचा बर्फसुद्धा त्यानं वितळत नव्हता. गावात कुणालाही पडद्यावर काही दाखवायचं असलं, शाळेला, नगरपालिकेला, नाहीतर मयताच्या घरच्यांना जुने फोटो, तर व्हर्नालाच फोन जायचा. शाळेच्या ग्रंथालयात तिनं सगळी नोकरी काढली होती, तिथंच ती हे शिकली. आजची सभा शेरीफनं बोलावली होती. तळ्यातला शोध थांबवतोय, हे गावाला सांगायला. शोध चालला होता तो व्हर्नाच्याच नवऱ्याचा.

जानेवारीत एका सकाळी ऑरिन गोठलेल्या तळ्यावरची आपली मासेमारीची खोपटी हलवायला बर्फावरची गाडी, स्नोमोबाइल, घेऊन गेला, तो परतलाच नाही. गाडीचा माग पश्चिमेला एका भेगेपाशी संपत होता. महिना उलटून गेला. बर्फाला भोकं पाडून झाली, पाण्यात कॅमेरे सोडून झाले. लोक व्हर्नाकडे जेवणाची भांडी आणून ठेवत होते आणि ती रिकामी भांडी धुऊन परत करत होती. रडू आलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंगच वाटत होतं. आहे, पण आपलं नाही.

हॉलमध्ये तिची नणंद ग्लेनिस खुर्च्या मांडत होती. व्हर्नाला पेटी उचलून आणताना बघून तिनं हातातली खुर्ची आपटली.

"तू कशाला आलीस गं? डेनिसला करू दे की काय ते. शेरीफ आहे ना तो?"

"त्याला जमायचं नाही. मागच्या वेळी चित्र उलटं आलं होतं."

"येऊ दे उलटं. बसतील लोक मान वाकडी करून." मग ग्लेनिसचा आवाज उतरला. "तुझ्याच्यानं बघवणार आहे का ते, व्हर्ना?"

"बघायचं कुठं आहे? मला फक्त लावायचंय."

तिनं खुर्च्यांच्या मधल्या वाटेत टेबल ओढलं. त्यावर प्रोजेक्टर ठेवला, पुढचे पाय वर यावेत म्हणून खाली एक जाड मासिक सरकवलं. वायर जमिनीवरून भिंतीपर्यंत नेऊन वरून चिकटपट्टी मारली, नाहीतर हमखास कुणीतरी अडखळतं. पडदा खाली ओढला. दिवा लागला, पंखा घुमायला लागला, तापलेल्या धुळीचा ओळखीचा वास आला. चित्र वर रुंद, खाली अरुंद येत होतं, ते तिनं चौकोनी केलं. भिंग हलकेच फिरवत अक्षरांच्या कडा धारदार केल्या. हातांना सगळं पाठ होतं. हात काम करत होते आणि ती शेजारी उभी राहून बघत होती जणू.

लोक आले. कोट न काढताच बसले, कारण हॉल काही केल्या गरम होत नव्हता. ग्लेनिसनं खिडक्यांचे जाड पडदे ओढले. भरदुपारी काळोख झाला. राहिला तो फक्त झोत, आणि त्यात तरंगणारी धूळ.

शेरीफ डेनिस हॉव्हडे पडद्याच्या कडेला उभा राहिला. अंगानं आडवा, स्वभावानं भिडस्त. तो व्हर्नाकडे बघायचं टाळत होता. पडद्यावर तळ्याचा नकाशा आला. निळं पाणी, आणि शोधून झालेला भाग पिवळा.

"तर... हा पिवळा सगळा भाग आपण बघितलाय," तो म्हणाला. "भेगेपासून चहूबाजूंनी. आता बर्फ पातळ व्हायला लागलाय. माझी माणसं मी..."

तेवढ्यात नकाशावर सावली पडली. डोकं, खांदे, पाठ. डोक्यावर गोल काठाची हॅट.

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ हॅटवाले! बसा की खाली. काच नाही बसवलेली तुमच्या पाठीला."

थोडे लोक हसले. डेनिसनं कपाळावर हात आडवा धरून झोताकडे बघितलं. "कोण आहे ते? बाजूला व्हा जरा."

कुणी बाजूला झालं नाही. कारण झोतात कुणी नव्हतंच.

ते सगळ्यांत आधी व्हर्नाला कळलं. इतकी वर्षं ती झोताच्या मागं उभी राहिली होती. माणूस भिंगाजवळ आडवा आला तर सावली अवाढव्य आणि पुसट पडते, पडद्याजवळ गेला तर ती लहान होते, रेखीव होते. ही सावली माणसाएवढीच होती. हॅटचा काठ कात्रीनं कापल्यासारखा. म्हणजे हा जो कोणी होता तो पडद्याला नाक लावून उभा होता. आणि तिथं डेनिसच्या बुटांखेरीज काही दिसत नव्हतं.

ती घाबरली नाही. कडा छान आल्यात, एवढंच तिच्या मनात आलं.

सावलीनं हात उचलला. सावकाश, जड ओव्हरकोटातला हात उचलावा तसा. तो पिवळ्या भागावरून सरकत पार दुसऱ्या टोकाला गेला, पूर्वेला, जिथं ओढा तळ्याला मिळतो. तिथं बोट टेकलं आणि राहिलं.

आता हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं.

"डेनिस..." ग्लेनिस कुजबुजली. "डेनिस, हे तू करतोयस का?"

डेनिसनं नकारार्थी मान हलवली.

मग बोट खाली आलं. सावली वळली आणि मोठी व्हायला लागली. कडा विरघळत गेल्या. हॅट पडद्याच्या वरच्या कडेला लागली, खांदे दोन्ही बाजूंना टेकले. व्हर्नाला कळलं, तो इकडं येतोय. मधल्या वाटेनं, प्रोजेक्टरकडे. वाटेच्या दोन्ही बाजूंचे लोक एकेक करून गुडघे आत ओढून घेत होते, सिनेमागृहात कुणी समोरून जाताना घेतात तसे. का घेतोय हे त्यांनाही कळत नसावं. वास आला... बर्फ फुटल्यावर तळ्याच्या तळाचा गाळ वर येतो ना, तो वास.

पडदा काळा झाला.

दिवा बंद झाला नव्हता. पंखा घुमत होता, पेटीच्या फटींतून उजेड टेबलावर सांडत होता. फक्त भिंगातून काही बाहेर पडत नव्हतं. कुणीतरी अगदी पुढ्यात वाकून, भिंगाला चेहरा लावून, आत बघत होतं.

व्हर्नानं हात पुढं केला. भिंगाच्या समोर, मोकळ्या हवेत. तिच्या बोटांना ओली लोकर लागली.

हात तिनं मागं घेतला नाही.

"ऑरिन?" ती अगदी हळू म्हणाली. "ऑरिन... तूच ना रे?"

बोटांखाली ती लोकर हलली. डावीकडे, मग उजवीकडे. कुणी 'नाही' म्हणावं तशी.

आणि झोत पुन्हा सुटला. पडद्यावर नकाशा आला, निळा नि पिवळा. कुणीतरी धडपडत दिवे लावले. मागच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं प्रार्थना म्हणत होती. व्हर्नानं आपली बोटं बघितली. ओली होती. ती तिनं कोटाला पुसली, आणि प्रोजेक्टर थंड होईपर्यंत पंखा चालू ठेवायचा असतो म्हणून तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्च सुटायच्या आधीच डेनिस दोन माणसं घेऊन ओढ्याच्या मुखाशी गेला. दुपारी तो व्हर्नाच्या स्वयंपाकघरात टोपी हातात घेऊन उभा होता.

"सापडला," तो म्हणाला.

"बस. कॉफी ठेवते."

"व्हर्ना, तुम्ही ऐकलंत ना? ऑरिन सापडला. ओढ्यापाशी."

"ऐकलं. दूध घालतोस ना तू?"

तो बसला. कॉफी तशीच निवली. टेबलाच्या फळीकडे बघत तो बोलायला लागला.

"स्नोमोबाइल भेगेतच बुडाली असणार. पण तो इतक्या लांब... बर्फाखालून... प्रवाह तिकडं जात नाही हो. ओढ्याचं पाणी उलटं तळ्यात येतं." त्यानं टोपी गुडघ्यावर फिरवली. "आणि तो उभा होता. बूट गाळात रुतलेले. आम्ही आधी कॅमेरा सोडला, त्यात मला दोघं दिसले. शपथेवर सांगतो. त्याला कुणीतरी कोपराशी धरलं होतं, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा तसं. मग पाणबुड्या उतरला, तर एकटा ऑरिनच."

"पाणी गढूळ असेल."

"असेल. पण त्याच्या कोटाची बाही, व्हर्ना... कोपराशी ती मुठीत धरल्यासारखी चुरगळलेली आहे. गोठून तशीच राहिलीय."

व्हर्ना उठली, त्याचा कप मोरीत रिकामा केला आणि धुतला. आता रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

अंत्यविधीला तिचा मुलगा केल ॲरिझोनाहून आला. तिकडं तो शाळेत विज्ञान शिकवायचा. उन्हानं रापलेला, बर्फाच्या बुटांची सवय मोडलेला, चर्चच्या पायरीवर घसरून पडता पडता वाचला. आईला त्यानं घट्ट मिठी मारली. तिचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले.

"फोटो मी दाखवतो आई. तू पुढं बस ना, सगळ्यांबरोबर."

"मागं बरं वाटतं मला. तुला दोन शब्द बोलायचेत ना, त्याची तयारी कर."

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये तिनं टेबल ओढलं, वायर चिकटवली, चित्र चौकोनी केलं. सभेतली गोष्ट गावात कुणीच काढत नव्हतं. आठवड्याभरात लोक त्या प्रकाराला दिव्यातला बिघाड म्हणायला लागले होते, आणि व्हर्नानंही ते खोडून काढलं नव्हतं.

ऑरिनचे फोटो एकामागून एक सरकू लागले. सैन्यातला ऑरिन. ट्रॅक्टरवरचा ऑरिन. लग्नातला, कान बाहेर आलेला ऑरिन. लोक नाक शिंकरत होते, मधूनच हसत होते.

सावल्या कधी आल्या ते तिला कळलं नाही. बघितलं तेव्हा त्या होत्याच. एक हॅटवाली. दुसरी थोडी वाकलेली, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. त्या खांद्याशेजारी व्हर्ना चाळीसेक वर्षं झोपली होती. कडा अगदी रेखीव होत्या. दोघं पडद्याला लागून उभे होते, अंतर ठेवून, बसस्टॉपवर कुणाची तरी वाट बघत थांबावं तसे. मधल्या मोकळ्या जागेत फोटो येत होते आणि जात होते. पुढच्या रांगेतल्यांना वाटलं असावं, शवपेटी उचलणारे कुणी उभे आहेत.

त्या मोकळ्या जागेकडे व्हर्ना बघत राहिली. बरोबर एक माणूस मावेल एवढी होती ती.

"आता केल दोन शब्द बोलेल," पाद्री म्हणाले.

केल उठला. खिशातला कागद उलगडत, खाली बघत, पडद्याकडे चालायला लागला. त्याचं डोकं अजून झोतात आलं नव्हतं. दोन्ही सावल्यांनी, अगदी किंचित, खांदे बाजूला घेतले. जागा करून द्यायला.

महिनाभर जे मेलं होतं ते व्हर्नाच्या पोटात एकदम जागं झालं. तिनं वाकून दोन्ही हातांनी वायर ओढली. चिकटपट्टी फाटत गेली, प्रोजेक्टर टेबलावरून खाली आला, भिंग फुटलं. अंधारात तिचाच आवाज तिला परका वाटला.

"केल! पुढं जाऊ नकोस! केल...!"

दिवे लागले. पांढरा पडदा रिकामा होता. केल त्याच्यापासून हातभर अंतरावर कागद धरून उभा होता. मग तो धावत मागं आला, आणि आईनं त्याला असं काही कवटाळलं की ग्लेनिसनं तोंड फिरवलं.

"बरं झालं, बाई," ती शेजारणीला म्हणाली, "रडली एकदाची."

दुसऱ्या दिवशी व्हर्नानंच केलला विमानतळावर सोडलं. दोन दिवस राहतो म्हणत होता, तिनं ऐकलं नाही. त्याच्या गावाला तळं नव्हतं, नदीसुद्धा वर्षातला बराच काळ कोरडी असायची. विमान वर गेलं तेव्हा तिला पहिल्यांदा भूक लागली. वाटेतल्या हॉटेलात तिनं अंडी, बटाटे आणि केकचा मोठा तुकडा खाल्ला.

केल दर रविवारी फोन करायचा. बर्फ फुटल्याचं तिनं सांगितलं, निवडुंगाला फुलं आल्याचं त्यानं सांगितलं. प्रोजेक्टरचं काम मी सोडलंय, असंही ती म्हणाली.

"मला मात्र तुझी फार आठवण येते त्या बाबतीत," तो हसला. "माझ्या वर्गातला बिघडलाय. काय झालंय कळत नाही. आठवडाभर मुलं मला चिडवतायत."

"काय म्हणून?"

"मी पडद्यासमोर उभा राहिलो ना, की सावल्या दोन पडतात. कुठून तरी दुसरा उजेड येत असणार. मी खिडक्या झाकून बघितल्या, वरचे दिवे काढून बघितले."

व्हर्नानं भिंतीला हात टेकला. "केल... त्या खोलीत जाऊ नकोस."

"अगं, माझा वर्ग आहे तो! ऐक तर. शुक्रवारपासून तीन पडायला लागल्यात." तो अजून हसतच होता. "मुलांनी पैज लावली, सरांची कुठली ते ओळखा. म्हणून मी हात हलवून बघितला."

"आणि?"

"मधली माझी."